शहाऐंशी हजार वेळा

जुना कॅमेरा घेताना मी कोणाच्या शब्दावर जात नाही. विकणारे सगळेच म्हणतात, घरातल्या घरात वापरलाय. शटर, म्हणजे प्रत्येक फोटोला उघडझाप करणारा आतला पडदा, तेवढं खोटं बोलत नाही. तो किती वेळा उघडला, तो आकडा फोटोतच दडलेला असतो.

पुढच्या रविवारी नांदगावला माझी लग्नाची पहिली ऑर्डर होती आणि हातात कॅमेरा नव्हता. म्हणून सिडकोतल्या सुलाबाईंकडे गेले. त्यांचे यजमान सहादूकाका अंबडच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. कॅमेरा त्यांचा, पण विकायला काढला होता बाईंनी. अकरा वर्षं कपाटात पडून आहे, नातवाच्या वाढदिवसाला काय तो बाहेर निघाला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. काका पेपरातून डोकं वर काढेनात.

मी सगळ्यात जास्त वेगावर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. कडेला काळी पट्टी नाही, म्हणजे पडदा ठणठणीत. मग तोच फोटो मोबाइलवर घेऊन एका वेबसाइटवर टाकला. शहाऐंशी हजार चारशे बारा. अजून साठ हजार फोटो तरी सहज निघाले असते, मला चालत होता. पण भाव पाडायची खुमखुमी नडली. मी आकडा मोठ्याने वाचला.

बाईंना आधी पटेचना. मग त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

काकांनी पेपरची घडी घातली आणि सांगून टाकलं. दर रविवारी युनियनच्या कामाला म्हणून निघायचे, ते गंगापूर धरणावर पक्षी बघायला जायचे. निवृत्त झाल्यावर ते निमित्तही संपलं. कॅमेरा घेतला तेव्हाच बायको म्हणाली होती, पैसे पाण्यात घातले. म्हणून परतताना बसस्टॉपवर बसून सगळे फोटो एकदा बघायचे आणि पुसून टाकायचे.

"एकबी ठेवला नाय?" बाईंनी विचारलं.

काकांनी मान हलवली. बाईंचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, आणि स्वतःच्या जिभेचा रागही आला, कारण पुढचं मला कळून चुकलं होतं.

"योगिनी, कॅमेरा नाय विकायचा आता," बाई म्हणाल्या. "तेवढं पुसायचं बटण कोणतं हाय, ते दाखव मला."

मी दाखवलं. त्यांनी आतून चिकटपट्टी आणली, पण ती त्या बटणावर नीट बसेना. नांदगावच्या ऑर्डरला आठ दिवस राहिले होते. शेवटी पट्टी मीच लावली, कडा नखाने नीट दाबून.