प्रज्योतसाठी केलेला नियम

आपल्याकडे चार माणसं एकत्र आली की मंडळ निघतं, आणि मंडळाला दोन वर्षं झाली की भांडण निघतं. मग ते भजनी मंडळ असो, क्रिकेटचा संघ असो, नाहीतर इमारतीची सोसायटी. भांडणाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच माणूस असतो. तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या तोंडावर बोलायला कुणी तयार नसतं. श्रीवर्धनच्या हौशी रेडिओ मंडळात तो माणूस म्हणजे प्रज्योत.

हौशी रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरावर अँटेना चढवायची आणि बिनतारी संचावरून एकमेकांशी बोलायचं. त्याला ना मोबाइलचा टॉवर लागतो, ना रिचार्ज. निसर्ग वादळात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, फोन मुके झाले आणि गावातले आईबाप जिवंत आहेत की नाहीत, हे मुंबईतल्या पोरांना कित्येक दिवस कळेना. तेव्हा कुठे ही मंडळी जागी झाली. पाचपन्नास जणांनी परवाने काढायचं मनावर घेतलं, त्यातल्या वीसेक जणांनी खरोखर काढले. ट्रकवाल्या धर्माशेठनी डोंगरावरची आपली जागा दिली आणि तिथे रिपीटर बसला. रिपीटर म्हणजे एका बाजूचा आवाज उचलून डोंगरापलीकडे पोचवणारं यंत्र.

रोज दिवेलागणीनंतर हजेरी व्हायची. एकाने नावं पुकारायची आणि ज्याने त्याने ओ द्यायची. ओ आली नाही तर पुन्हा एकदा पुकारायचं. तरीही आली नाही, तर जो कुणी जवळ असेल त्याने गाडी काढून त्याच्या घरी जायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं की कुठे लिहिलं नव्हतं, आपोआप तशी पद्धत पडली होती. मंडळाने केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच होतं, आणि ते काम आहे असं मंडळात कुणालाच वाटत नव्हतं.

तर प्रज्योत. समुद्रावर पर्यटकांना बोटीतून फिरवायचा त्याचा धंदा. मंडळाचे हातात धरायचे चार संच त्याने सरावासाठी म्हणून नेले, ते आपल्या बोटीवरच्या पोरांच्या हातात दिले आणि विसरून गेला. बैठकीला तर तो फिरकायचाच नाही. प्रत्येक बैठकीत त्याच्या नावाने बोटं मोडली जायची, पण तो बाजारात भेटला की हीच मंडळी त्याच्या खांद्यावर हात टाकून चहा प्यायची.

शेवटी अल्पेश म्हात्रेने तोड काढली. अल्पेश पतसंस्थेत व्यवस्थापक, मंडळाचा सचिव आणि हजेरी पुकारणाराही तोच. पोटनियम, उपकलम, परंतुक असे शब्द ऐकले की त्याची कळी खुलायची. तो म्हणाला, "व्यक्तीवर जायचंच नाही. आपण नियमावली करू. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे कुणाला वाईट वाटायचं कारण नाही."

धर्माशेठच्या ओसरीवर मसुदा वाचला गेला. त्यात एक कलम होतं: जो सदस्य लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहील त्याचं सदस्यत्व आपोआप संपेल, त्याने मंडळाचं सामान परत करावं, आणि हजेरीत त्याचं नाव पुकारलं जाणार नाही. कलम वाचून होताच सगळे एकमेकांकडे पाहून हसले.

एकटी जागृती पाटील हसली नाही. ती हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "हे प्रज्योतसाठी आहे ना? मग प्रज्योतलाच बोलवा आणि सांगा. कलम कशाला?"

"जागृती, तू पण ना!" धर्माशेठ म्हणाले. "उद्या मला तेच्या बापाबरोबर उठायबसायचं हाय. कशाला वाईटपणा घ्यायचा? कागद बोलेल काय तो."

"आणि सदूकाका? त्यांचे गुडघे गेलेत. ते बैठकीला कधीच येत नाहीत."

अल्पेशने चष्मा वर सरकवला. "काकांना कोण काढतंय? ते वेगळं."

"ते कागदात कुठे लिहिलंय?"

"एकाला सूट लिहिली की दुसरा बोट दाखवतो," अल्पेश म्हणाला, आणि मसुदा एकमताने मंजूर झाला. जागृतीनेही हात वर केला, कारण सगळ्यांनी केला होता.

सदूकाका राहायचे भेंडीच्या कोंडात, माणगावच्या बाजूला डोंगरांच्या खोबणीतल्या वस्तीत. तिथे मोबाइलला आजही रेंज नाही. हयात मुंबईत काढून काका गावी परतले होते. वादळात डोंबिवलीला असलेला त्यांचा मुलगा ओंकार आईबापासाठी वेडापिसा झाला, म्हणून या म्हाताऱ्याने साठी उलटल्यावर पुस्तकं घेऊन परीक्षा दिली. हजेरीत त्यांची ओ सगळ्यांत खणखणीत असायची. एकदा ती आली नाही, तर अल्पेश स्वतः धर्माशेठची जीप घेऊन गेला आणि तापाने फणफणलेल्या काकांना दवाखान्यात घेऊन आला.

आता गंमत बघा. गंमत कसली, दैव आपलं! तिसऱ्या बैठकीला प्रज्योत आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. बोट किनाऱ्याला लावून ओल्या चपलांनी आत आला, सही केली, भजी खाल्ली आणि निघून गेला. कलमाला त्याच्या केसालाही धक्का लावता आला नाही. त्याचे संच त्याच्याकडेच राहिले, आणि कलमात सापडले एकटे सदूकाका.

"आता?" जागृतीने विचारलं.

अल्पेशला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पहिल्याच वेळी नियम वाकवला तर नियमावलीला कोण विचारणार, असं त्याने स्वतःला समजावलं. वर्षभराने काकांना सन्माननीय सदस्य करून घेऊ, असंही मनात ठरवलं. पण काकांना ते सांगायला तो कोंडात गेला नाही. त्या संध्याकाळी त्याने हजेरीआधी कलम वाचून दाखवलं, नाव कुणाचंच घेतलं नाही, आणि यादी पुकारली. त्यात सदूकाकांचं नाव नव्हतं.

यादी संपल्यावर काकांनी बोलायची परवानगी मागितली. "ऐकलं साहेब. नियम म्हंजे नियम. सगळ्यांना रामराम," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज आला नाही. कुणी म्हणालं, म्हातारा रागावला. कुणी म्हणालं, येईल लायनीवर.

काही आठवड्यांनी भरदुपारी पतसंस्थेत अल्पेशचा फोन वाजला. ओंकार होता. "दादा, बाबांना माणगावला आणलंय. उजवी बाजू गेलीय. वाचा पण गेलीय."

अल्पेश माणगावच्या दवाखान्यात पोचला तेव्हा काकांच्या पत्नी बायजाकाकी बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर ओंकारला सांगत होते की झटका आल्या आल्या आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं, आता बोलणं परत येईल असं सांगवत नाही. अल्पेश काकींच्या शेजारी बसला.

"काकी, कधी झालं?"

"काल दुपारी. माडाच्या बुडाशी आळं करता करता बसले, ते उठलेच न्हाय. तोंड वाकडं झालं." काकींचा आवाज कोरडा होता. "कोंडात पोरगा कोण न्हाय, सगळी मुंबईला. एक रिक्षा हाय, ती भाडं घेऊन गेलेली. यष्टी सकाळी. बायका रडाय लागल्या. मी म्हटलं, रडू नका गं. हजेरीला नाव पुकारतील. ह्यांनी ओ न्हाय दिली की गाडी येतेच. मागं तुम्हीच आला व्हतात ना?"

पुढे काय येणार ते अल्पेशला कळलं होतं.

"सगळा कोंड रेडिओपुढं बसला. सखुबाई, तिचा नवरा, समदी. ह्यांना मी भिंतीला टेकवून बसवलेलं. तुमचा आवाज आला. एक नाव झालं, दुसरं झालं. म्हटलं, शेवटाला घेतील, मोठे हायत वयानं. मग तुम्ही म्हणालात, हजेरी संपली, शुभरात्री."

"काकी, बटण दाबून बोलायचं होतं हो! अशा वेळी कुणीही बोललं तरी चालतं."

"मला काय ठाव? हे सांगायचे, लायसन नसताना हात लावायचा न्हाय, नियम हाय. तरी मागून दाबलं. लई हाका मारल्या. तुम्ही सगळ्यांनी बंद केलं व्हतं. मग सकाळच्या यष्टीनंच आणलं." काकींनी पदराने तोंड पुसलं. "नाव कधी कापलं तुम्ही?"

"महिना होऊन गेला."

"मला बोलले न्हाय. रोज दिवा लावला की रेडिओ लावून बसायचे. मी चुलीपुढून म्हणायची, आज बोलला न्हायत? तर म्हणायचे, दिली ओ हळूच, घसा बसलाय."

"काकी, शपथेवर सांगतो, नियम काकांसाठी नव्हता."

"मग कुणासाठी व्हता?"

अल्पेशने प्रज्योतचं सगळं सांगितलं, संचांचं आणि बैठकांचं. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्याला सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "तो काय वाघ हाय, खाईल? माझ्या जावेच्या कोंबड्या माझ्या परड्यात शिरायच्या. मी जावेच्या दारात गेले, चार शब्द बोलले, तिनं चार ऐकवले. दोन दिस बोललो न्हाय आन् तिसऱ्या दिशी भाजीची वाटी आली. समद्या कोंडानं कोंबड्या बांधा, अशी दवंडी न्हाय पिटली मी! एका माणसाला भिता, आन् दावं समद्यांच्या गळ्यात घालता. आन् त्यात गावतो कोण? जो गुमान मान खाली घालतो तो."

आयुष्यभर कलमं लिहिलेला माणूस दवाखान्याच्या बाकावर एका अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईपुढे खाली मान घालून बसला. आपण नियम केला तो शिस्तीसाठी नव्हे, वाईटपणा टाळण्यासाठी केला, हे त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

श्रीवर्धनला परतल्यावर घरी न जाता तो थेट समुद्रावर गेला. प्रज्योत बोट धूत होता. अल्पेश त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "प्रज्योत, मंडळाचे संच तू धंद्याला वापरतोस, ते बरोबर नाही. मला ते परत पाहिजेत."

प्रज्योतने बादली खाली ठेवली. "एवढंच ना? मग बोलायचं ना भावा! पडून हायत म्हणून वापरत होतो. कुणी काय बोललंच नाय." त्याने पोरांना हाक मारली, संच गोळा केले, फडक्याने पुसले आणि अल्पेशच्या हातात दिले. "राग नाय ना रं?"

प्रज्योत भांडला असता तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या, वाळूत ढकललं असतं, तर इतके दिवस घाबरलो ते खोटं नव्हतं, असं तरी वाटलं असतं. चहा उकळायला लागतो तेवढ्याही वेळात काम झालं! ज्या कामासाठी नियमावली झाली, बैठका झाल्या, आणि एका माणसाची वाचा गेली, ते काम. अल्पेश तिथेच वाळूत बसला आणि रडला. प्रज्योतला काही कळेना.

पुढच्या बैठकीत अल्पेशने ते कलम स्वतः खोडलं. हजेरीत ओ आली नाही तर घरी जाण्याची पद्धत त्याने पहिलं कलम म्हणून लिहिली, आणि ती रिपीटरच्या टापूत राहणाऱ्या प्रत्येकासाठी, सदस्य असो वा नसो. "एखाद्या माणसाबद्दल तक्रार असेल तर ती आधी त्याच्या तोंडावर सांगायची," तो म्हणाला. "नियम पदासाठी करायचा, कामासाठी करायचा. माणूस टाळण्यासाठी करायचा नाही. आणि ज्यांना तो लागू होणार, त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच." धर्माशेठ खाली बघत होते. जागृती म्हणाली, "मी हात वर करायला नको होता." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नियमावली आता खरंच चांगली झाली होती, आणि त्याचा कुणालाही आनंद नव्हता.

ओंकार आईबापांना डोंबिवलीला घेऊन गेला. कोंडातल्या घराला कुलूप लागलं. आता तिथे परवानाधारक कुणी नाही. अल्पेश तीन चार वेळा कोंडात जाऊन आला. शिकवायला मी येतो, परीक्षेला गाडीने नेतो, संच मंडळ देईल, असं दारोदार सांगत फिरला. मंडळींनी त्याला पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली आणि ऐकून घेतलं.

शेवटच्या खेपेला सखुबाई त्याला पायवाटेपर्यंत पोचवायला आली. "साहेब, तुम्ही मनातून बोलताय ते कळतं," ती म्हणाली. "पर नगं. त्या दिशी रेडिओ नसता, तर आम्ही बाज खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत गेलो असतो. रेडिओ व्हता म्हणून वाट बघत बसलो. आता वाट बघायची हिंमत न्हाय कुणात." आणि ती माघारी वळली.

मित्रहो, तुमच्याही सोसायटीला, मंडळाला, पतसंस्थेला नियमावली असेल. ती एकदा काढून वाचा. एखादा नियम वाचताना एखाद्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढे आलं, तर तो नियम खोडा आणि त्या माणसाच्या दारात जा. चार शब्द बोला, चार ऐका. वाईटपणा येईल तो येऊ दे, तो दोन दिवसांत जातो. अल्पेशही शेवटी गेला, पण गेला तेव्हा उशीर झाला होता. भेंडीचा कोंड आता कुणाच्या हाकेची वाट बघत नाही.