पोचूला कुणी विचारलंच नाही

मी एक जुनी कुऱ्हाड आहे, मित्रांनो. पातं गंजलंय, दांडा तडकलाय आणि स्वभाव पहिल्यापासूनच फटकळ. तरी ऐका.

भामरागडकडच्या एका जंगलगावात डोमा लोहाराने मला घडवलं आणि पोचूने मला धावड्याचा दांडा बसवला. पोचू, त्याची बायको बुधरी, एक झोपडी आणि धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, एवढाच तो संसार. मी जळण फोडायची, कुंपणाच्या काट्या तोडायची. सणाला बुधरी मला हळद लावायची, तेव्हा मी अगदी मिजाशीत असायची. सागाला मात्र पोचूने कधी हात लावला नाही. साग सरकारचा. झोपडी आणि बांधीही सरकारच्याच परवानगीवर. जंगलखात्याच्या साहेबाने मनात आणलं तर दोन्ही जायच्या.

एका उन्हाळ्यात नाल्याकाठचा मोठा साग कुणीतरी चोरून नेला. रेंजर साहेब गावात आले आणि पहिल्याच अंगणात त्यांना मी दिसले. झालं! मला जप्त केलं. अहो, तो साग करवतीने कापला होता. बुडखा इतका गुळगुळीत, की त्यावर पान मांडून जेवावं. कुऱ्हाडीचा घाव असा असतो का? पोचूकडे तर करवत नव्हतीच. तो बापडा म्हणत राहिला, एकदा बुडखा पाहा. साहेब म्हणाले, काय ते श्रावणात सुनावणीला येऊन सांग.

मी कचेरीच्या कोठीत पडले. पंधरा ऑगस्टला साहेबांनी झेंड्याखाली भाषण केलं. इंग्रज गेले, आता कायद्याचं राज्य आहे, कायद्यापुढे सगळे सारखे, असं म्हणाले. मला भाबडीला ते खरं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी मला टेबलावर ठेवलं. ज्यांनी मला पकडलं तेच साहेब फिर्यादी, आणि न्याय द्यायला खुर्चीवर बसलेलेही तेच. शिपाई नानाजीने दारात उभं राहून पोचूच्या नावाचा पुकारा केला. बाहेर नुसता पाऊस. नानाजी चाचरत म्हणाला, "साहेब, पर्लकोटा नदीले पूर हाय. मानूस येईन कसा?"

"आला नाही, म्हणजे गुन्हा कबूल आहे," साहेब म्हणाले.

आणि त्यांनी हुकूम लिहिला. पोचूला गावातून काढावं, बांधी जमा करावी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला रडू आलं ते संतापाने.

पूर ओसरल्यावर पोचू चिखल तुडवत आला. हात जोडून एवढंच म्हणाला, "साहेब, मले एकडाव इचारा तरी."

निकाल झाला होता. साहेबांनी मान वर केली नाही. नानाजीने त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

धान पोटरीवर येऊन लोंब्या फुटायच्या बेतात असताना गार्ड झोपडी पाडायला निघाले. त्यांना कुऱ्हाड हवी होती. कोठीतून त्यांनी मलाच उचललं.

बुधरी अंगणात उभी होती. तिने मला लगेच ओळखलं. मग ती दोघं बोचकं घेऊन नाल्यापलीकडे गेली. पुन्हा मला कधी दिसली नाहीत.

मित्रांनो, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण तुम्ही शाळेत शिकाल. उद्या तुमच्यातला कुणी साहेबही होईल. हुकूम लिहिण्याआधी नदी उतरेपर्यंत थांबा, समोरच्याचं ऐका, स्वतः जाऊन बुडखा बघा. कराल ना एवढं? मला भरवसा नाही, तरी सांगते. त्या दिवशी मी बोथट असते तर बरं झालं असतं. पण पोचूने मला फार जपलं होतं. पहिल्या घावातच दाराचा खांब आडवा झाला.