ओट्याखालची बारावी पाल

खर्र... खर्र.

ओट्याखालून आवाज आला आणि तिचा थोपटणारा हात थबकला. खोकून खोकून दमलेली तिची लेक, चिमणी, आत्ता कुठे डोळा लागून पडली होती. शेजारी इमारतीचं काम चाललेलं, धूळ नको म्हणून खिडक्या बंद. घरात झुरळं म्हणून डबेही बंद. दोन खोल्यांत मायलेकी काडेपेटीत कोंडल्यासारख्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "झुरळांनीही दमा उसळतो. झुरळं घालवा, पण फवारा नको." म्हणून तिने पेस्ट कंट्रोलवाल्या काकांना बोलावलं होतं. ते आले, वाकले आणि ओट्याखाली तिने पालींसाठी लावलेली चिकटपट्टी त्यांनी बाहेर ओढली. पट्टीवर पाल. जिवंत, पाय ताणून धडपडत असलेली.

"ही बारावी!" ती म्हणाली. "मला बाई शिसारी येते पालींची. उन्हाळ्यापासून एकेक पकडतेय."

"आणि झुरळं कधीपासून वाढली?"

"उन्हाळ्या..." म्हणता म्हणता तिने पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

काका हसले. "ताई, फुकट राबणारे अकरा पहारेकरी घालवलेत तुम्ही! झुरळाच्या एका अंडीपेटीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. पाली त्यातली कितीतरी गट्ट करायच्या. आता खाणारं कुणी नाही, आणि झुरळांना तुमचं खरकटं रात्रभर उघडं. वाढणार नाहीत तर काय!"

"मग ते झुरळं मारायचं जेल तरी लावा ना."

"आज नाही. पंधरा दिवस मोरी कोरडी ठेवा, खरकटं झाका, फटी बुजवा. अन्नपाणी आटलं की पलटण रोडावते. उरलेलं काम हिच्यावर सोपवा. माझं गिऱ्हाईक गेलं म्हणायचं, दुसरं काय!"

तिने पालीकडे पाहिलं. इवलंसं पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. दम लागला की चिमणीचं होतं, अगदी तसंच!

अरे देवा! लेकीला जपता जपता हे काय करून बसले मी?

पट्टीचा चिकटा सुटावा म्हणून तिने पालीच्या पायांवर कापसाने तेल सोडलं. डोळे अर्धे मिटून, अंग चोरून, पण सोडलं. एकेक पाय सुटला. पाल घड्याळामागे पसार झाली. उरलेल्या पट्ट्या तिने गुंडाळून काकांच्या हाती दिल्या.

आपण सगळेच असे. नकोसं दिसेल ते आधी हुसकावतो. ते आपल्यासाठी काय करत होतं, हे मागाहून विचारतो. एकाला उपटलं की दुसरा माजतो, आणि भोगावं लागतं आपल्याच लेकरांना.

चिमणी केव्हाची जागी होऊन बघत होती.

"आई, झुरळांना पाल खाते. मग पालीला?"

"मांजर."

काचेपलीकडे नव्या इमारतीचा अकरावा मजला चढत होता. चिमणीने धाप आवरत तिकडे बोट दाखवलं.

"आणि आपण खूप झालो, तर आपल्याला कोण खातं?"