सोबतीचे पैसे

मावशींनी म्हातारीला अलगद कुशीवर वळवलं आणि पाठीला पावडर लावली. चार महिने ती अंथरुणाला खिळून होती, पण अंगावर एकही जखम होऊ दिली नव्हती त्यांनी. तेवढ्यात म्हातारीच्या मुलाचा फोन आला. तो त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

“मावशी, आईसाठी हवेची गादी पाठवतोय. सगळ्यांत महागातली.”

“गादी आहे ती बरी आहे, साहेब. तुम्ही एकदा येऊन गेलात तर...”

“बघतो.” त्यानं घसा खाकरला. “पैशाकडे बघू नका. काय लागेल ते मागवा.”

मावशींनी मनातल्या मनात त्याच्या नावानं बोटं मोडली. मग चाचरत म्हणाल्या, “मला दोन दिवस सुट्टी हवी होती. माझ्या आईचं काही खरं नाही.”



“दुप्पट पगार देतो. पण आईला एकटं टाकून जाऊ नका.”

मावशींच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. घरी आईजवळ त्यांनी शेजारणीला बसवलं होतं. शर्टांना बटणं लावायचं हातातलं काम बाजूला ठेवून ती बसायची, म्हणून तिला रोजचे पैसे ठरले होते. मावशींनी तेही दुप्पट केले. वर आईसाठी संत्री पाठवली, नवं मऊ पांघरूण पाठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. त्या धापा टाकत पोचल्या, तोवर सगळं संपलं होतं. शेजारणीनं आईचं तोंड पुसून केस विंचरून ठेवले होते.

“त्रास झाला का गं तिला?”

“नाही. पहाटे तिनं मला तुझ्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. मग माझा हात धरून शांत पडून राहिली.”

मावशींनी पांघरुणाची सुरकुती सारखी केली. ती नीट झाल्यावरही त्या हात फिरवतच राहिल्या.

दोन दिवसांनी त्या पैसे घेऊन शेजारणीच्या दारात उभ्या राहिल्या. तिनं हात पदराआड घेतले.

“नको गं. शेवटच्या दिवसाचे कसले पैसे?”

“घे.”

“अगं, मी काय परकी होते का तिला?”

“हो,” मावशी म्हणाल्या आणि तिचा हात पदराबाहेर ओढू लागल्या. “परकीच होतीस. घे.”

शेजारीण त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं हळूच तळहात पुढे केला.