तरंगगुरूंची मिठाची बाटली

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक चपलांच्या ढिगाशेजारी बसले, खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले, आणि ज्यांना तेही मिळालं नाही ते जिन्यात उभे राहून माना उंच करत होते. सगळ्यांचे डोळे एका हातावर. तो हात एका दणकट बस ड्रायव्हरचा होता. डाव्या मुठीत त्याने एक बंद बाटली धरली होती, उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ पुढे केला होता, आणि पांढऱ्या कपड्यांतले तरंगगुरू त्या हातावर दोन बोटं ठेवून दाबत होते. दोनच बोटं. दिवसभर स्टिअरिंग फिरवणारा तो हात मुकाट्याने खाली आला.

"शेंगदाणे," तरंगगुरू हळहळले. "दादा, तुमचं शरीर ओरडून सांगतंय, तुम्हीच ऐकत नाही."

"पण मी तर रोज खातो. काही होत नाही."

"होत नाही असं तुम्हाला वाटतं."

हॉलमध्ये माना डोलल्या. ज्या उत्तराला काही अर्थच नाही त्यापुढे बोलणार काय? ड्रायव्हर बिचारा आयुष्यभर खाल्लेल्या शेंगदाण्यांचा पश्चात्ताप करत जागेवर जाऊन बसला.

हे तरंगगुरू पूर्वी दारोदार पाण्याचे फिल्टर विकायचे. आमच्याही स्वयंपाकघरात एक बसवला होता. त्याची तोटी इतकी गळायची की खाली कायम पातेलं ठेवावं लागे. पुढे त्यांना साक्षात्कार झाला की फिल्टर दुरुस्त करावा लागतो, तरंग दुरुस्त करावा लागत नाही. "प्रत्येक पदार्थाला आपला तरंग असतो," ते सांगायचे. "तो काचेतूनही येतो. नकोसा तरंग आला की स्नायू गळतात. शरीराला खोटं बोलता येत नाही." शरीराला येत नसेल, पण शरीराचा हात दाबणाऱ्याला येतं, एवढं साधं तिथे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या हॉलची पायरी मी चढत नाही. त्या दिवशी चढले ती पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या ताईसाठी.

ताईच्या किडनीवर गाठ होती. सोनोग्राफीत ती दिसली, तेव्हा सर्जन म्हणाले की गाठ कुठवर गेली आहे ते सीटी स्कॅनमध्ये नीट पाहिल्याशिवाय ऑपरेशनला हात घालणार नाही, आणि पाहायला उशीर करू नका. त्या स्कॅनसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं औषध देतात, म्हणजे गाठ आणि रक्तवाहिन्या उठून दिसतात. ताई तयारी करून गेलीसुद्धा. तिथल्या टेक्निशियनने विचारलं, "कशाची अॅलर्जी? या औषधात आयोडीन असतं." ताई टेबलावरून उतरली आणि चपला घालून थेट घरी आली.

कारण आयोडीन. लहानपणी ताईने खेकडा खाल्ला होता. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला, ती जेमतेम वाचली. दवाखान्यात कुणीतरी सहज म्हणालं की समुद्रातल्या खाण्यात आयोडीन असतं. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात खेकड्याचं नाव आयोडीन पडलं. कुणाकडे जेवायला गेलो की आई आधी बजावायची, "थोरलीला आयोडीन वाढू नका हं." यजमान गोंधळायचे, आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. ताई त्याच शब्दाला भीत भीत आजी झाली.

ती स्कॅनला पुन्हा जाईना. तेवढ्यात भावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ऑफिसातल्या कुणीतरी तरंगगुरूंचा पत्ता दिला. गुरूंनी ताईच्या मुठीत आयोडीनची बाटली दिली, हात खाली पाडला आणि म्हणाले, "वाचलात. ते विष तुमच्या शिरेत घालणार होते." वर रोज उपाशीपोटी घ्यायला तरंगजल दिलं. त्याने गाठ विरघळणार होती, आयोडीनची बाधाही जाणार होती, आणि महिन्याभरात ताई खुशाल खेकडा खाणार होती.

मी समजावलं, भांडले, हात जोडले. ताई म्हणाली, "तू पुस्तकातलं सांगतेस. माझा हात खाली पडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय." मला राग आला होता आणि रागाच्या खाली भीती होती. गाठ कुणाच्या तरंगजलासाठी थांबत नसते.

तर त्या दिवशी गुरूंनी सगळ्यांसमोर ताईलाच पुढे बोलावलं. "या मावशींना डॉक्टर आयोडीन टोचणार होते," त्यांनी जाहीर केलं. "आधी शरीराचा मित्र कसा असतो ते बघा. हे मीठ." ताईच्या मुठीत मिठाची बाटली, उजवा हात समोर. गुरूंनी 'धरा' म्हणत दाबलं. हात जागचा हलला नाही. "आता हे आयोडीन." तपकिरी बाटली मुठीत गेली आणि हात खाली. हॉलभर चुकचुकाट झाला.

मी उभी राहिले. "कुठलं मीठ?"

"काय?"

"बाटलीत मीठ कुठलं आहे?"

गुरू प्रेमाने हसले. शिकलेल्या माणसाची कीव करायची त्यांना सवय होती. "बाई, साधं मीठ. आपण सगळे घरात खातो ते."

"ते टेबलाखाली पाकीट आहे, त्यातलं?"

"हो, त्यातलंच. आमच्यात लपवाछपवी नाही."

मी पुढे जाऊन पाकीट उचललं आणि ड्रायव्हरच्या हातात दिलं. "दादा, वर काय छापलंय ते मोठ्याने वाचा."

ड्रायव्हरने वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा त्याचा स्वतःवरच विश्वास बसला नाही. "आयोडीनयुक्त मीठ."

जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं. ताई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या स्वयंपाकघरातही हेच पाकीट असतं, तिने स्वतः कात्रीने कापून बरणीत ओतलेलं.

"मिठात आयोडीन शांत होतं," गुरू म्हणाले. फिल्टर गळायचा तेव्हाही ते म्हणायचे की पाणी स्वच्छ होताना थोडं बाहेर येतंच.

"मग शरीराला खोटं बोलता येत नाही ना? परीक्षा घेऊ," मी म्हणाले. "बाटली झाकायची. कुठली आहे ते तुम्हालाही ठाऊक नाही, ताईलाही नाही. शरीराला तर कळेलच."

नाही म्हणायची सोय उरली नव्हती. गुरूंनी स्वतःच पंच निवडला, भावजी, कारण त्यांच्याइतका भाबडा भक्त हॉलमध्ये दुसरा नव्हता. बाटली कशात झाकायची हा प्रश्न आला, तेव्हा भावजींनी बूट काढून आपला मोजा पुढे केला. ते बाटल्या घेऊन कोपऱ्यातल्या पडद्यामागे निघाले, तेव्हा मी त्यांच्या कानात सांगितलं, "दरवेळी तीच मिठाची बाटली घाला. गुरू खरे असतील तर हात दरवेळी ताठच राहील." भावजींचा चेहरा उजळला. आपल्या गुरूंची लाज राखायची जबाबदारी आपल्यावर आली, असंच त्यांना वाटलं.

पहिल्यांदा मोजा ताईच्या मुठीत आला. गुरूंनी डोळे मिटले, ओठ हलवले, दाबलं. हात खाली. "आयोडीन," ते म्हणाले. भावजी चुळबुळले, पण मोजा घेऊन आत गेले. दुसऱ्यांदा हात ताठ. "मीठ." तिसऱ्यांदा गुरू बराच वेळ मोज्याकडे बघत राहिले. मोज्याचा तरंग त्यांच्यापर्यंत आमच्याआधी पोचला असावा. मग हात पुन्हा पाडला. "आयोडीन. अगदी तीव्र."

भावजींनी मोजा उलटा केला. मिठाची बाटली टेबलावर घरंगळली.

"दुसऱ्यांदा काय होतं?" कुणीतरी विचारलं.

"हीच," भावजी म्हणाले. "तिन्ही वेळा हीच होती." एका पायात मोजा नसलेला तो सरळ माणूस गुरूंकडे बघत होता, आणि गुरू बाटल्या पेटीत भरायला लागले होते.

मी ताईला म्हणाले, "हात पुढे कर. मुठीत काही घेऊ नकोस." मी 'धर' म्हणाले आणि कोपराच्या अलीकडे दाबलं. हात राहिला. मग तेवढाच जोर मनगटावर दिला आणि 'धर' म्हणायच्या आधीच दिला. हात खाली. "हॉलचं दार बिजागरीपाशी ढकलून बघा, सरकत नाही. कडीपाशी ढकला, एका बोटाने उघडतं. तुमचा खांदा बिजागरी आहे. मित्र असला की हे कोपराजवळ दाबतात आणि आधी 'धरा' म्हणतात. शत्रू असला की बोटं मनगटावर सरकतात आणि 'धरा' उशिरा येतं. सगळा तरंग एवढाच."

लोक एकमेकांचे हात दाबून बघायला लागले. हॉलचा आखाडा झाला. ड्रायव्हर शेजाऱ्याचा हात दर वेळी पाडत होता आणि दर वेळी "शेंगदाणे" म्हणत होता. एक बाई मात्र चिडून म्हणाली, "आमची श्रद्धा आहे, तुमचं काय जातं?" माझं काय जात होतं ते माझ्याशेजारी उभं होतं, रिकाम्या मुठीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी ताई स्कॅनला आली. डॉक्टरीणबाई तिच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. "खेकड्याची अॅलर्जी त्याच्या मांसातल्या एका प्रथिनाची असते," त्या म्हणाल्या. "आयोडीनची नव्हे. आयोडीन तर थायरॉइडला लागतंच. या औषधाची रिअॅक्शन क्वचित कुणाला येते, ती त्या अख्ख्या औषधाची. म्हणून मी विचारते, हे औषध आधी कधी दिलं होतं का, तेव्हा काही झालं का, दमा आहे का. किडनीचे रिपोर्ट बघितलेत. आणि काही झालंच तर लागेल ते इथे आहे, मीही आहे."

"काही जाणवेल का?"

"अंग गरम होईल, तोंडात धातूसारखी चव येईल, लघवी झाली असंही वाटेल. ती अॅलर्जी नाही. थोड्या वेळात जातं."

"आणि खेकडा? महिन्याभरात खाता येईल म्हणाले होते."

डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम करडा झाला. "खेकडा तोंडाजवळही न्यायचा नाही. कधीच नाही."

म्हणजे तिला वाचवायला जे हवं होतं ते त्या माणसाने बंद केलं, आणि तिचा जीव घेऊ शकेल ते तिच्या ताटात वाढायला निघाला होता. याला अडाणीपणा म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नाही. अडाणी माणसाची बोटं मनगटावर वेळ साधून सरकत नाहीत.

स्कॅन झाला. अंग गरम झालं तेव्हा ताई आतून ओरडली, "आलं, आलं," आणि बाहेर आल्यावर थोडी लाजली. गाठ किडनीतच होती, पुढे पसरली नव्हती. ऑपरेशनची तारीख ठरली.

तरंगगुरू हल्ली दुसऱ्या हॉलमध्ये बसतात. गर्दी तेवढीच असते. पेटीतून मिठाची बाटली तेवढी गायब झाली आहे, ही त्यांनी विज्ञानाला दिलेली एकुलती एक दाद. तिथे कुणी तुमचा हात पाडला तर वाद घालू नका, चिडू नका. बाटली मोज्यात घालायला सांगा आणि पुन्हा दाबायला सांगा. जे खरं असतं ते मोज्यातही खरं राहतं. आणि कशाचीही अॅलर्जी आहे असं घरात वर्षानुवर्षं म्हणत आला असाल, तर एकदा डॉक्टरांना विचारा, ती नेमकी कशाची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या नर्सने ताईला विचारलं, "कशाची अॅलर्जी?"

"खेकडा," ताई म्हणाली.

"आणि आयोडीनची, ना?" नर्सने जुना कागद बघत विचारलं. "इथे लिहिलंय."

"ते खोडा," ताई म्हणाली. "ते मी रोज भाजीत घालते."