गच्चीवरचे फोटो

“हनुवटी जरा खाली, ताई. हलू नको,” ललित म्हणाला, आणि संध्याने श्वास रोखून धरला.

अकोल्यातल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी ती लग्नातला शालू नेसून उभी होती. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. भाऊ फोनवर एवढंच म्हणाला होता की साड्यांचे फोटो काढायचे आहेत, पूर्वीसारखी ये. तेवढ्यावर तिने केस काळे केले, सासरी अख्ख्या बार्शीटाकळीला सांगितलं आणि सासूला मुद्दाम सोबत आणलं. वीस वर्षं इंदूबाई तिला ‘फोटोवाली’ म्हणून टोमणे मारत होत्या. आज त्यांनी बघावंच.

टोमण्याला कारण होतं. बारावीत असताना ललित मित्राचा कॅमेरा मागून आणायचा आणि ताईला गच्चीवर उभी करायचा, आईची साडी नेसायला लावून, केस मोकळे सोडून. समोरच्यांनी ते पाहिलं आणि वडिलांच्या, शेषरावांच्या, कानावर घातलं. पोरीचे असले फोटो उद्या कुणाच्या हाती पडले तर, या धसक्याने त्यांनी तिचं कॉलेज बंद केलं आणि पहिलं आलं ते स्थळ पक्कं केलं. ललित मात्र मुंबईला गेला, मोठा फॅशन फोटोग्राफर झाला. संध्या सगळ्यांना सांगायची, माझेच फोटो दाखवून त्याला पहिलं काम मिळालं. शिक्षण गेल्याचं तिला फार वाईट वाटायचं. पण ते अगदीच फुकट गेलं नाही, असंही वाटायचं.

“झालं. ये बाजूला,” ललित म्हणाला.

गाडीतून हर्षा उतरली, मुंबईहून आणलेली मॉडेल. ललितने तिला नेमकं संध्याच्या जागेवर उभं केलं. त्याचा मदतनीस अनुप सासूसुनेसाठी चहा घेऊन आला. ताईंमुळे ऊन-सावलीचा अंदाज आधीच घेता आला, त्यांचे फोटो आता पुसून टाकतो, असं त्याने कौतुकाने सांगितलं. इंदूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि सुनेकडे पाहिलं. संध्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने ललित पाणी प्यायला आला, तेव्हा तिने धीर करून विचारलं,

“हे जाऊ दे. ते गच्चीवरचे असतीन नं तुह्याजवळ? माह्या सासूले दाखव एखादा.”

ललित हसला. गावची बोली तोंडात आली म्हणून जास्तच मोकळा हसला.

“त्या कॅमेऱ्यात रोल कुठं होता, ताई? मले कोण घेऊन देत होतं रोल? मी नुसता उजेड पाहत होतो.”

“मंग बाबाले काहून नाही सांगतलं?”

“मले कोणी विचारलंच नाही.”

बोलता बोलता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. ऊन सरकलं होतं. हर्षाला उन्हात ताटकळत ठेवणं बरं नव्हतं, म्हणून त्याने तिला छत्रीखाली बसायला सांगितलं आणि भिंतीकडे जाता जाता ताईला पुन्हा एकदा उभी राहायला बोलावलं.

संध्या जागची उठली नाही.

“जाय नं वं,” इंदूबाई म्हणाल्या. “आता काहून बसली? तुले तं सवय हाये.”

ती गेली. भिंतीपाशी उभी राहिली आणि कुणी न सांगता तिने हनुवटी खाली घेतली. ललित उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरून तिच्याकडे बघत राहिला. कॅमेरा अनुपच्या गळ्यात होता.