बारावा रकाना

घरातली एखादी वस्तू बिघडली, की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक 'दुरुस्त करू'वाल्यांचा, दुसरा 'नवीन आणू'वाल्यांचा. दोन्ही पक्ष हिरिरीनं भांडतात, शेजारच्यांचे दाखले देतात. ती वस्तू रोज हाताळणारं माणूस मात्र तिथंच उभं असतं, आणि त्याला काय हवंय हे विचारायचं कुणाच्या म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही. खोटं वाटतं? मग आपल्या तक्तेसाहेबांची गोष्ट ऐकाच.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात होते. टाचणी घ्यायची असो की कपाट, तीन कोटेशनं मागवायची, मोठ्या कागदावर तक्ता आखायचा, कंपन्यांची नावं झाकून त्यांना अ, ब, क म्हणायचं आणि मग निवड करायची, असा त्यांचा खाक्या. म्हणून कचेरीनं हे नाव ठेवलेलं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडायचं. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बायकोवर जीव. फक्त तक्त्यात नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे.

तर एका सोमवारी बायकोचं शिलाई मशीन खडखड करून थांबलं, ते थांबलंच. तिच्या आईनं दिलेलं मशीन, बावीस वर्षं चाललेलं. मशीन दुरुस्त करणाऱ्या तेलवाल्या मावशी बघून गेल्या. हातात कायम तेलाची कुपी, म्हणून तेलवाल्या. त्यांनी चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "यानं आपलं काम केलं हो. आतला दांडा पार झिजलाय, आणि हा भाग आता कुठंच मिळत नाही. नवीन घ्या."

एरवी बायकोनं चार महिने वाट पाहिली असती, पण या खेपेला घाई होती. बावीस वर्षं ती गल्लीभरचे पडदे, फ्रॉक, उशांचे अभ्रे शिवत आली होती. "वहिनी, एवढं शिवून द्या ना, तुमचाही वेळ जाईल!" म्हणत लोक कापड ठेवून जायचे आणि नेताना गोड हसायचे. हसण्यावरच सगळं भागत होतं. आणि आता कोपऱ्यावर नवीन बेकरी उघडणार होती. बेकरीच्या मालकीणबाई स्वतः घरी आल्या, चाळीस जाड एप्रनांचं काम मोबदल्यासकट रीतसर कागदावर लिहून दिलं. वर ठळक अक्षरांत तिचं नाव, खाली मुदत अठरा दिवसांची. तो कागद तिनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला होता आणि येता-जाता वाचत होती. स्वतःच्या नावावरचं पहिलं काम! ते हातचं गेलं, तर पुन्हा जन्मभर 'तुमचाही वेळ जाईल'वालेच उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तू काळजी सोड," तक्तेसाहेब म्हणाले. "खरेदीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय."

"अहो, पण मला जरा..."

"अगं, तू शिवण बघ, मी मशीन बघतो!"

दोन दिवसांनी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला. तब्बल अकरा रकाने! किंमत, हमी, वजन, दिवा, रंग, टाक्यांचे प्रकार, काय नि काय. अ मशीन महाग, पण टाके शंभर. ब मशीन त्याच्या निम्म्या किमतीत, पण टाके चौदा. तक्तेसाहेबांनी किमतीला टाक्यांनी भागलं आणि टेबलावर थाप मारली.

"बघा! एका टाक्याला किती पडतात ते बघा! अ स्वस्त!" आणि त्यांनी पट्टी धरून डाव्या हातानं ब वर लाल रेघ मारली.

"बाबा, त्या शंभरातले आई किती वापरणार?" लेकीनं विचारलं. ती कॉलेजात होती आणि बापाची फिरकी घेण्यात एकदम पटाईत.

"असलेले बरे असतात. अडीअडचणीला."

"अडीअडचणीला बदकांच्या पिल्लांची रांग? हा बघा, त्रेसष्ट नंबरचा टाका!"

इतक्या हौसेनं आखलेल्या तक्त्याला नाट कशाला लावायचा, असं बायकोच्या मनात आलं. तिनं कपाटाच्या दारावरच्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि भांडी आवरायला घेतली.

आता निर्णय झालाच होता. पण तिसरं कोटेशन नाही म्हणजे फाइल अपुरी! अ आणि ब एकाच मोठ्या दुकानातली. क साठी तक्तेसाहेब तेलवाल्या मावशींच्या दुकानात गेले. दुकान कसलं, खोलीच ती. फळ्यांवर जुन्या मशीनांची डोकी मांडलेली, खाली स्क्रूंचे डबे आणि सगळीकडे तेलाचा वास.

"कोटेशन देते की," मावशी म्हणाल्या. "आधी सांगा, कापड कसलं शिवायचंय?"

"कापड... एप्रनांचं. कापडासारखंच आहे."

"जाड की पातळ? एप्रनाला पट्टा जोडतात त्या कोपऱ्यात घड्या किती येतात?"

तक्तेसाहेबांनी तक्त्यात पाहिलं. तिथं नव्हतं.

"बरं, पेडल कुठल्या पायानं दाबतात?"

"पायानंच दाबतात," तक्तेसाहेब ठामपणे म्हणाले.

"कुठल्या?"

तक्तेसाहेबांनी पुन्हा तक्ता चाळला.

"सुईत दोरा ओवताना चष्मा लागतो का? एका बैठकीला किती तास बसतात?"

तक्तेसाहेबांच्या कपाळाला घाम आला. बावीस वर्षं ज्या बाईच्या हातचे शर्ट अंगावर घातले, तिच्याबद्दल पाच सवाल आणि पाचही नापास!

मावशींनी तेलाची कुपी खाली ठेवली. "साहेब, रागावू नका. चप्पल घेताना तुम्ही पाय घालून बघता ना? की तक्ता आखता?"

"पाय घालूनच बघतो."

"मग बायकोचं मशीन कागदावर का निवडता? माझ्याकडे नवरे येतात, मुलगे येतात, भाऊ येतात. कंपनी विचारतात, किंमत विचारतात, रंगसुद्धा विचारतात. आणि वर्षाकाठी चार-पाच कोरी करकरीत मशीनं माझ्याकडे विकायला येतात. मशीन चांगलंच असतं हो! फक्त जिच्यासाठी आणलं तिच्या कामाचं नसतं. आणि ती बोलत नाही, कारण 'बिचाऱ्यांनी हौसेनं आणलंय!' कचेरीतलं ते काम आणि घरातला तो विरंगुळा, असं आपण धरून चालतो. अहो, जी रोज तासन्‌तास सुईसमोर बसते ती त्या कामातली तज्ज्ञ आहे. तज्ज्ञाला न विचारता कचेरीत कधी काही घेता?"

"तक्ता चुकला म्हणता?" तक्तेसाहेबांचा आवाज पडला होता.

"तक्ता झकास आहे. पण अकराच्या अकरा रकाने मशीनचे. बाईंचा एकही नाही!" म्हणत मावशींनी कोटेशनाचा कागद त्यांच्या हातात ठेवला.

घरी जाताना तक्तेसाहेबांना रस्ता लांब वाटला. स्वतःचीच लाज वाटत होती. 'मला जरा' एवढं बोलून ती थांबली होती. त्या 'जरा'च्या पुढं काय होतं, हे आपण ऐकलंच नाही!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बायको दुपारी एप्रनांचं कापड बेतत बसली होती. तक्तेसाहेब स्टूल ओढून शेजारी बसले.

"मला सांग, तू शिवतेस कशी?"

तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती हसली, मग बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती दीड तास थांबली नाही. उजवा गुडघा दुखतो, म्हणून दोन वर्षं ती पेडल डाव्या पायानं दाबत होती. बावीस वर्षांत तिनं दोनच टाके वापरले होते, सरळ आणि उलटा. आणखी दोनच हवे होते: काठाचे धागे सुटू नयेत म्हणून नागमोडी, आणि काजं घालायला एक. एप्रनाच्या कोपऱ्यात आठ घड्या येत होत्या. आणि सुईत दोरा? तो तर अलीकडे दिसतच नव्हता. दोरा निघाला की ती काम बाजूला ठेवून लेकीची वाट बघत बसायची.

"म्हणून मी कॉलेजातून येताना तू रोज दारात उभी असायचीस?" ऐकत बसलेली लेक ओरडली. "आणि मी समजत होते, प्रेमानं!"

तिघंही पोट धरून हसले. हसता हसता तक्तेसाहेबांनी तक्ता उघडला, पट्टी ठेवली आणि काठाशी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'वापरणार कोण? तिला विचारलं का?' मग म्हणाले, "चल. तुझं कापड पिशवीत घे. आज तू निवडायचंस."

मोठ्या दुकानातला विक्रेता तक्तेसाहेबांकडेच वळला. "या साहेब! हे बघा तुम्ही पाहून गेलेलं मशीन, शंभर टाके!" त्यानं खळ लावलेलं कडक फडकं अ मशीनच्या सुईखाली सरकवलं. तसल्या फडक्यावर कुठलंही मशीन मोत्यासारखे टाके घालतं, हे सगळ्या दुकानदारांना माहीत असतं आणि गिऱ्हाइकाला नसतं.

पण हे गिऱ्हाईक पिशवी घेऊन आलं होतं!

"जरा उठता का?" ती म्हणाली. स्वतः खुर्चीवर बसली, पेडल डाव्या पायाशी ओढलं आणि पिशवीतून एप्रनाचा घड्या घातलेला कोपरा काढला. दोन घड्यांवर मशीन गेलं, चारांवर कुरकुरलं, आठांवर घुर्र करून थांबलं. टक्! सुई मोडली.

"ताई," विक्रेता कसनुसा हसला, "इतकं जाड कापड घरी कोण शिवतं?"

"मी!" ती म्हणाली.

पलीकडची दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. इतक्या मोठ्यानं तो शब्द तिच्या तोंडून याआधी कधी निघाला नव्हता. तक्तेसाहेबांची छाती अशी फुगली, की जणू शंभर टाके त्यांनाच येत होते.

मग ती ब वर बसली. सुईजवळ एक छोटी खटकी होती. ती खाली दाबली आणि दोरा आपसूक सुईत! तिनं तो काढला, पुन्हा ओवला. पुन्हा काढला, पुन्हा ओवला. लहान मुलासारखी हसायला लागली. आठ घड्यांवर पहिले चार टाके तिनं चाक हातानं फिरवून घातले, मग पेडल दाबलं आणि मशीन सरसर निघून गेलं. काजं झाली, नागमोडी झाली. शेवटी सवयीनं तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, हे घेऊ या का?"

"मला काय विचारतेस? वापरणार कोण?"

"मी."

"मग झालं तर! आणि ऐक, या ब वर मी लाल रेघ मारली होती. चुकलो. बावीस वर्षं चुकत होतो."

तिचे डोळे भरून आले, पण भर दुकानात रडणार कोण! तिनं पटकन दोरा गुंडाळायला घेतला.

परतताना दोघं मावशींकडे थांबले. "मावशी, क चं कोटेशन वाया गेलं हो," तक्तेसाहेब ओशाळून म्हणाले.

"जाऊ दे वाया! तेलपाण्याला माझ्याकडेच याल, जाता कुठं?" मावशी म्हणाल्या, आणि पाठीत असा धपाटा घातला की शर्टावर तेलाचा पंजा उठला.

चाळीस एप्रन सोळाव्या दिवशी तयार झाले. बेकरी उघडली त्या सकाळी आतली सगळी माणसं ते घालून पाव काढत होती, आणि मालकीणबाईंनी तिच्या हातात दुसऱ्या कामाचा कागद ठेवला. गल्लीतल्या काकू पडद्याचं कापड घेऊन आल्या, "वहिनी, तुमचाही वेळ जाईल," म्हणाल्या, तेव्हा लेकच पुढं झाली. "काकू, आईकडे आता वेळ नसतो, मुदत असते. कागदावर लिहून द्या!" काकू आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, पण मग हसल्या आणि लिहून दिलं.

कचेरीतही गंमत झाली. फरशी पुसायचे नवे पोचे घ्यायचे होते. तीन कोटेशनं आली, तक्ता झाला आणि तक्तेसाहेब तो घेऊन थेट सफाईवाल्या बाईंकडे गेले. "बाई, यातला कुठला बरा पडेल?" बाई बघतच राहिल्या. "साहेब, दांडा वीतभर लांब असता तर बरं. नऊ वर्षं वाकून वाकून पुसतेय. पण विचारलं आज पहिल्यांदाच!" त्या कचेरीत आता बारा रकान्यांशिवाय तक्ता पुढं जात नाही.

मंडळी, आपण किमती ताडून बघतो, कंपन्या ताडून बघतो. त्यात काही वावगं नाही, जरूर बघा. पण वस्तू कागदावर चालत नाही, कुणाच्या तरी हातात चालते. त्या हाताला आधी विचारा. विचारायला दमडी लागत नाही, आणि विचारलं की घरातलं काम हे काम आहे, एवढा मान त्या माणसाला त्याच क्षणी मिळतो!

आणि हो, एक सांगायचं राहिलं. तिनं एकेचाळिसावा एप्रनही शिवला, तक्तेसाहेबांसाठी. कारण ती मशीनवर बसली की भांडी हल्ली ते घासतात. पट्टी आणि पेन ठेवायला त्याला एक लांबडा खिसा होता. त्यांनी सहज हात घातला, तर डावा हात बरोब्बर खिशात गेला.

"अगं, तू मला न विचारता कसा काय अगदी माझ्या हाताचा शिवलास?"

"बावीस वर्षं बघतेय ना तुम्हाला," ती दोरा ओवत म्हणाली. "मला कुठं तक्ता लागतो!"